टुरिंग टॉकीजची लेन्स आणि तुमचा कॅमेरा

लेन्सच्या तोंडावर १:१.८ असं काहीतरी छापलेलं असतं. हा साधा भागाकार आहे : फोकल लेंग्थ भागिले भोकाचा व्यास. आकडा जितका लहान तितका उजेड जास्त, आणि तोही वर्गाच्या प्रमाणात. कॅननने १९६१ साली ५० मि.मी. एफ/०.९५ काढली. ती एफ/१.८ च्या साडेतीन पट उजेड आत घेते. झाइसने १९६६ मध्ये 'नासा'साठी चक्क एफ/०.७ बनवली, एकूण फक्त १० नग. त्यातले ३ स्टॅन्ली कुब्रिकने मिळवले आणि 'बॅरी लिंडन'चे (१९७५) काही प्रसंग मेणबत्त्यांच्या उजेडात शूट केले.

मग अशा लेन्सेस आजच्या कॅमेऱ्याला लावायला अडचण काय? अडचण काचेची नाही, जागेची आहे. प्रत्येक लेन्सचा माउंट फिल्मपासून ठराविक अंतरावर असावा लागतो. कॅननच्या त्या लेन्सला हे अंतर २८.८ मि.मी. लागतं. निकॉनच्या डीएसएलआरमध्ये मात्र मध्ये आरसा असल्यामुळे ते ४६.५ मि.मी. आहे. म्हणजे लेन्स जवळजवळ १८ मि.मी. आत घुसवावी लागेल, आणि तिथे आरसा आपटणार! २००८ पासून मिररलेस कॅमेरे आले आणि आरसाच गेला. सोनीच्या ई-माउंटचं अंतर १८ मि.मी. आहे, उरलेले १०.८ मि.मी. एक पोकळ रिंग भरून काढते. रिंगमध्ये काच वगैरे काही नसते. कुब्रिकच्या लेन्सची गोष्ट वेगळी. तिची मागची काच फिल्मपासून जेमतेम ४ मि.मी. वर यायची, म्हणून त्याला कॅमेराच कापून घ्यावा लागला.

आता या लेन्सेसच्या किमती विचारू नका, आपलं मेसचं बिलच वेळेवर भरलं जात नाही. पण आपल्या महाराष्ट्रात एक फास्ट लेन्स गावोगावच्या जत्रांतून वर्षानुवर्षं फिरली आहे, ती म्हणजे टुरिंग टॉकीजच्या प्रोजेक्टरची. तंबूतले प्रोजेक्टर जाऊन डिजिटल कसं आलं, हे 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' (२०१६) या डॉक्युमेंटरीत बघायला मिळतं. प्रोजेक्टर गेला की लेन्सही भंगारात जाते, पितळेच्या भावात. वाईट वाटतं, कारण ती काच अजून कामाची असते.

प्रोजेक्टर म्हणजे उलटा कॅमेरा. साधारण २१ × १५ मि.मी. ची फ्रेम तो लांबच्या पडद्यावर मोठी करून टाकतो. आपण तीच लेन्स लावून लांबचं दृश्य तेवढ्याच फ्रेमवर आणतो. आणि एपीएस-सी सेन्सर असतो साधारण २३.५ × १५.६ मि.मी. चा! कोपरे थोडे काळे पडतील, बाकी जमतं. शिवाय या लेन्सेस सहसा ७० मि.मी. च्या पुढच्या असतात, त्यामुळे मागे भरपूर जागा सुटते.

मात्र तिला फोकसची रिंग नसते आणि आतली पाकळ्यांची झडपही नसते. फोकससाठी हेलिकॉइड विकत घ्या, नाहीतर एकात एक सरकणारे दोन पीव्हीसी पाइप घ्या. वर्कशॉपच्या लेथवर कॉलर वळवली तर उत्तमच, पण किस नीट पुसा, एक कण सेन्सरवर गेला की संपलं. आतून काळा मॅट रंग द्या. कॅमेऱ्यात 'लेन्सशिवाय शटर चालू' हे सेटिंग करा. लेन्सची मागची कड शटरला लागत नाही ना, हे आधी व्हर्नियरने मोजा.

झडप नाही म्हणून एफ/२ ची लेन्स कायम एफ/२ वरच राहते. आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात आयएसओ १०० ला १/६४०० सेकंद लागेल आणि बऱ्याच कॅमेऱ्यांचं शटर १/४००० लाच थांबतं. तेव्हा दुपारी रूमवर झोपा आणि दिवेलागणीला पद्मतीर्थावर जा. १०० मि.मी. एफ/२ असेल तर २ मीटरवरच्या चेहऱ्यात जेमतेम ३ सें.मी. शार्प येतं, म्हणजे डोळे आले की कान गेले. ऑटोफोकस नाहीच. स्क्रीनवर झूम करून, श्वास रोखून पाइप हळूहळू सरकवायचा.