विमानाच्या सांध्यातील एपॉक्सी : मिश्रण आणि सावधगिरी

स्वतःच्या हातांनी विमान बांधणे हे आता केवळ कल्पनेतील साहस राहिलेले नाही. मुंबईच्या कांदिवली उपनगरात कॅप्टन अमोल यादव यांनी इमारतीच्या गच्चीवर उभारलेले सहा आसनी विमान २०१६ साली लोकांसमोर मांडले गेले. ते धातूचे होते. हलक्या फेसाळ प्लॅस्टिकच्या गाभ्यावर काचतंतूंचे कापड एपॉक्सी राळेने चिकटवून विमान घडविण्याची दुसरी पद्धत बर्ट रुटान यांच्या १९७५ सालच्या ‘व्हॅरिईझ’ विमानापासून हौशी बांधकऱ्यांत रूढ झाली. अशा विमानाचे बळ पुष्कळ अंशी राळेच्या मिश्रणावर अवलंबून असते.

खळगे व सांधे भरण्यासाठी राळेत भुकटी मिसळून ती दाट करतात. रंगाऱ्याच्या लांबीसारखाच हा लगदा. परंतु सर्व भुकट्या सारख्या नव्हेत. काचेच्या सूक्ष्म पोकळ गोळ्यांमुळे लगदा हलका होतो व सहज घासता येतो, पण त्यास बळ कमी असते. कापसाच्या बारीक तंतूंनी सांध्याला बळकटी येते. अतिसूक्ष्म सिलिकेमुळे लगदा उभ्या पृष्ठावरून ओघळत नाही. भार वाहणाऱ्या सांध्यात गोळ्यांचा लगदा भरला, तर बाहेरून तो निर्दोष दिसेल आणि उड्डाणात दगा देईल.

राळ व दृढक (हार्डनर) यांचे रेणू एकमेकांशी ठराविक प्रमाणातच जोडले जातात. म्हणून लवकर घट्ट व्हावे या हेतूने दृढक जास्त घालणे ही मोठी चूक होय. उरलेले रेणू सुटेच राहतात व सांधा दुबळा होतो. उत्पादकाने दिलेले प्रमाण तराजूवर तोलूनच घ्यावे.

या क्रियेत उष्णता निर्माण होते. तापमान सुमारे १० अंश सेल्सियसने वाढले की मिश्रण टिकण्याचा काळ स्थूलमानाने निम्मा होतो. चेन्नईच्या अण्णा नगरात मे महिन्यात पारा ३७ अंशांच्याही वर जातो. तेथे थंड देशातील पुस्तिकेत दिलेली वेळ गृहीत धरू नये. मंद दृढक निवडावा, काम पहाटे करावे व थोडेथोडेच कालवावे. खोल पेल्यात साठलेली राळ स्वतःच्याच उष्णतेने धुमसू लागते; म्हणून ती उथळ ताटलीत पसरावी. उरलेले मिश्रण निवेपर्यंत उघड्यावर ठेवावे, कचऱ्याच्या डब्यात टाकू नये. दमट हवेत काही दृढकांमुळे पृष्ठावर मेणचट थर येतो. पुढचा लेप देण्यापूर्वी तो पाण्याने धुऊन, पृष्ठ कोरडे करून घासावे.

प्रथम राळ व दृढक निदान दोन मिनिटे, पेल्याच्या कडा व तळ खरवडीत ढवळावेत. भुकटी आधी घातल्यास न मिसळलेले पट्टे दिसेनासे होतात. मग भुकटी थोडीथोडी घालावी. खळगा बुजविण्यास चमच्यावरून न ढळणाऱ्या चक्क्याइतका दाटपणा योग्य. पृष्ठास आधी पातळ राळेचा हात द्यावा, नंतर लगदा दाबून भरावा, म्हणजे आत हवा कोंडत नाही.

त्वचेस राळ वारंवार लागल्यास ॲलर्जी जडते आणि एकदा जडली की ती बहुधा आयुष्यभर सुटत नाही. नायट्राइलचे हातमोजे घालावेत. हात थिनरने पुसू नयेत, कारण त्यामुळे राळ त्वचेत अधिक शिरू शकते. साबण व पाणी वापरावे. भुकटी मिसळताना व घट्ट झालेली राळ घासताना धुळीपासून रक्षण करणारा श्वसन-मुखवटा आणि चष्मा आवश्यक आहे.

प्रत्येक मिश्रणाचा थोडा नमुना तारीख घालून जपून ठेवावा. दुसऱ्या दिवशी त्यात नख रुतले, तर प्रमाण, मिश्रण वा तापमान यांपैकी कोठे तरी चुकले आहे असे समजावे व तेवढे काम खरवडून पुन्हा करावे. जमिनीवर गेलेला हा एक दिवस आकाशात जीव वाचवितो.