त्या अंतिम सामन्याचा हिशेब

दि. ५ डिसेंबर २००४ रोजी बंगलोरच्या श्री कंठीरव क्रीडांगणावर फेडरेशन चषकाचा अंतिम सामना झाला आणि पणजीच्या डेंपो संघाने मोहन बागानला दोन-शून्य असे नमविले. निकालाच्या नोंदवहीत एवढेच आहे. दोन्ही गोल एकाच खेळाडूचे होते आणि दुसरा गोल करताना कोसळलेला तो खेळाडू पुन्हा उठला नाही, ही गोष्ट मात्र त्या नोंदवहीत मावत नाही. क्रिस्तियानो ज्युनियर हा पंचवीस वर्षांचा ब्राझिलियन. त्याला इस्पितळात नेले तेव्हा डॉक्टरांच्या हाती करण्यासारखे काही उरले नव्हते. चषक गोव्यात आला, पण तो हातात घेऊन नाचावे असे कोणास वाटावे?

हा सामना सामान्य नव्हता. मोहन बागान म्हणजे १८८९ सालापासूनचा संघ. १९११ साली ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटच्या गोऱ्या सोल्जरांना दोन-एक असे हरवून त्याने आय.एफ.ए. शील्ड जिंकली, तेव्हा त्याचे एक सोडून बाकी सारे खेळाडू अनवाणी होते. परकीय सत्तेला तिच्याच खेळात हरविता येते, हा धडा त्या दुपारी कोलकात्याच्या मैदानावर मिळाला आणि तो फुटबॉलपुरता राहिला नाही. राष्ट्रीय लीगही या संघाने २००४ पर्यंत तीनदा जिंकली होती. अशा संघापुढे उभा होता डेंपो. खाणमालकांच्या घराण्यांनी गोव्यात फुटबॉलला जो राजाश्रयच म्हणावा असा आश्रय दिला, त्यातून हा संघ वाढला. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस त्याने मुंबईत रोव्हर्स चषक जिंकला होता, पण फेडरेशन चषकाने त्याला सदैव हुलकावणी दिली होती. त्या चषकावर गोव्याचे नाव प्रथम कोरले ते साळगावकर संघाने, १९८८ साली. पुढे १९८९ आणि १९९७ सालीही. डेंपोची पाटी कोरीच होती. ती भरण्यासाठीच जणू ईस्ट बंगालकडून खेळून नाव मिळविलेला क्रिस्तियानो पणजीत आला आणि त्याने ती भरलीही.

दुसऱ्या गोलाच्या वेळी तो चेंडूमागे धावत होता आणि समोरून मोहन बागानचा गोलरक्षक पुढे आला. चेंडू जाळ्यात गेला, दोघांची टक्कर झाली, क्रिस्तियानो खाली पडला. पुढचे दृश्य दूरचित्रवाणीवर पुनःपुन्हा दाखविले गेले आणि सबंध देशाने न्यायाधीशाचा झगा अंगावर चढविला. टक्कर मुद्दाम होती काय, हात कोठे लागला, याची चर्चा चहाच्या टपरीपासून संपादकांच्या खोलीपर्यंत झाली. फुटबॉल महासंघाने त्या गोलरक्षकाला दोन महिन्यांसाठी निलंबित केले. त्याचे वय तेव्हा अवघे सतरा वर्षे होते.

येथे आम्हांस थोडे थांबावेसे वाटते. आम्ही गोवेकर, आमच्या संघाचा मोहरा गेला. राग येणे स्वाभाविक होते. पण पुढे सरसावून येणाऱ्या आघाडीच्या खेळाडूच्या पायांत झेप घेणे हे गोलरक्षकाचे कामच आहे. ब्रह्मानंद शंखवाळकरांसारख्या गोलरक्षकाचा खेळ ज्यांनी पाहिला, त्यांना हे सांगण्याची गरज नाही. ती टक्कर नियमबाह्य असेल तर त्याबद्दल शिक्षा होणे योग्यच. परंतु शिक्षा टकरीची आणि खापर मृत्यूचे, असे जे झाले ते आम्हांस पटलेले नाही. एका पोराच्या डोक्यावर ते खापर फोडल्याने एक सोय मात्र झाली. खेळाडू पडल्यापासून इस्पितळाच्या दारापर्यंत मधल्या वेळात काय झाले, हा प्रश्न मागे पडला. मैदानावरील वैद्यकीय मदतीच्या दिरंगाईवर तेव्हा टीका पुष्कळ झाली; पण ज्या चवीने टकरीचे चित्रण चघळले गेले, त्या चवीने तो प्रश्न कोणी लावून धरला नाही. तो गोलरक्षक पुढे भारतीय संघाचा भरवशाचा आधार झाला, हे त्याच्या मनोबलाचे श्रेय.

वैद्यकशास्त्र या बाबतीत संदिग्ध नाही. हृदयाची लय अकस्मात बिघडली की ते केवळ थरथरते, रक्त पुढे ढकलीत नाही. अशा वेळी छातीवर दाब देत राहणे आणि डिफिब्रिलेटर या यंत्राने विजेचा झटका देणे, एवढेच दोन उपाय. झटका देण्यास जितकी मिनिटे उशीर, तितकी जगण्याची आशा दर मिनिटाला सात ते दहा टक्क्यांनी घटते. म्हणजे दहा मिनिटांनी आलेली रुग्णवाहिका बहुधा शववाहिकाच ठरते. शब्द कठोर आहे, पण आम्ही तो मागे घेत नाही.

याचा पुरावा २०१२ सालच्या मार्च महिन्याने अवघ्या चार दिवसांच्या अंतराने दिला. १७ मार्चला लंडनमध्ये इंग्लंडच्या एफ.ए. चषकाच्या सामन्यात बोल्टन संघाचा फाब्रिस मुआंबा हा तरुण खेळाडू मैदानावर कोसळला. डॉक्टर धावले, प्रेक्षकांत बसलेला एक हृदयरोगतज्ज्ञ कठडा ओलांडून खाली आला, छातीवरचा दाब थांबला नाही, झटक्यांवर झटके दिले गेले. त्याचे हृदय अठ्ठ्याहत्तर मिनिटे स्वतःहून चालले नाही, तरीही तो वाचला. २१ मार्चला त्याच बंगलोर शहरात, जेथे क्रिस्तियानो गेला होता, स्थानिक लीगमधील एक खेळाडू सामन्यात कोसळला. मैदानावर रुग्णवाहिका नव्हती. सहकाऱ्यांनी त्याला रिक्षात घालून इस्पितळात नेले. तो वाचला नाही. आठ वर्षांपूर्वीच्या मृत्यूने त्या शहराला, किंवा देशाला म्हणू, काय शिकविले होते?

युरोपातही हे शहाणपण आपोआप आले नाही. २००३ साली कॅमेरूनचा मार्क-विव्हियन फोए लियाँच्या मैदानावर गेला, २००४ च्या जानेवारीत बेनफिका संघाचा मिक्लोश फेहेर गेला, त्यानंतर तेथील व्यवस्था बदलू लागली. इटलीने तर त्याही आधी, १९८२ सालीच, स्पर्धात्मक खेळात उतरणाऱ्यास हृदयाचा आलेख सक्तीचा केला. २०२१ च्या जूनमध्ये कोपनहेगनला डेन्मार्कचा ख्रिस्तियन एरिक्सन कोसळला, तेव्हा काही मिनिटांत यंत्राचा झटका मिळून तो शुद्धीवर आला. तीन वर्षांनी त्याने युरोपियन चषकात गोलही केला. नावातले साम्य योगायोगाचे. पण बंगलोरच्या क्रिस्तियानोला ती मिनिटे मिळाली असती तर, हा विचार आमच्या मनातून जात नाही.

डेंपोने आपल्या परीने स्मृती जपली. दहा क्रमांकाची जर्सी पुन्हा कोणास न देण्याचे ठरविले आणि त्याच हंगामात, २००५ साली, प्रशिक्षक आर्मांदो कुलासो यांच्या संघाने राष्ट्रीय लीगही जिंकली. संघाने करावयाचे ते संघाने केले. आम्हांस विचारावयाचे आहे ते आपल्या गावांना. २०१२ साली गोव्याने फुटबॉलला राज्याचा क्रीडाप्रकार म्हणून घोषित केले, पण हा खेळ फातोर्ड्याच्या क्रीडांगणापेक्षा अधिक खेळला जातो तो भाताची कापणी झालेल्या शेतांत, चर्चसमोरच्या आणि देवळाजवळच्या मोकळ्या जागांत. तेथे चषक असतो, रोख बक्षीस असते, प्रमुख पाहुण्यांसाठी खुर्च्या असतात, ध्वनिक्षेपक तर दोन गावांना पुरेल एवढा असतो. फक्त झटका देणारे यंत्र नसते आणि छातीवर दाब कसा द्यावा हे जाणणारा मनुष्य बहुधा नसतो. तळकोकणातील तालुक्याच्या मैदानावर किंवा थेट बालाघाटसारख्या दूरच्या जिल्ह्यात ही उणीव दिसली, तर पैशाचे कारण एखादे वेळी समजता येईल. गोव्यात ते कारण आम्ही ऐकून घेणार नाही. यंत्राची किंमत साधारण लाखभर रुपये; एका मोठ्या गावच्या स्पर्धेच्या पहिल्या बक्षिसाएवढी.

नवा हंगाम तोंडावर आहे. स्पर्धेच्या परवानगीसाठी येणाऱ्या अर्जात ध्वनिक्षेपक किती वाजता बंद होणार याची विचारणा होते. त्याच कागदावर आणखी दोन ओळी छापाव्यात, अशी आमची पंचायतींना आणि गोवा फुटबॉल संघटनेला सूचना आहे: यंत्र कोठे ठेवले आहे आणि ते चालविण्याचे शिक्षण घेतलेल्या दोघांची नावे. त्या ओळी कोऱ्या असतील तर अर्ज परत पाठवावा.