दशहरीचा झुमका

मलिहाबादचे दशहरी आंब्याचे बागायतदार ज्याला ‘झुमका’ म्हणतात, तो पाहणाऱ्याला फसवतो. मोहोराच्या शेंड्याला मटाराएवढ्या कैऱ्यांचा दाट घोस लोंबतो. वाटतं, यंदा बहर जोरात आहे! पण त्या कैऱ्या वाढत नाहीत, थोड्या दिवसांत गळून जातात. त्यांतली एक मी उभी चिरून पाहिली. कोयीच्या जागी नुसता सुकलेला तपकिरी ठिपका होता. बी धरलंच नव्हतं.

वेंगुर्ल्याला आमची हापूसची कलमं आहेत आणि माझं आयुष्य वनस्पतिशास्त्र शिकवण्यात गेलं. तरी मोहोर दिसला की अजून हात भिंगाकडे जातो. एका तुऱ्यावर शेकड्यांनी, कधी हजारांनी फुलं. त्यांतली बरीच नुसती नर. द्विलिंगी फुलात मधोमध पिवळसर अंडाशय आणि शेजारी बहुधा एकच कामाचा पुंकेसर. परागकण कुक्षीवर पडला की रुजतो आणि त्याची बारीक नळी थेट बीजांडापर्यंत उतरते. तिच्यातून दोन नरपेशी आत जातात. एक अंडपेशीला मिळते : 20 गुणसूत्रं बापाची, 20 आईची, असा 40 गुणसूत्रांचा गर्भ. दुसरी मधल्या दोन केंद्रकांशी एकरूप होऊन गर्भाची शिदोरी तयार करते. हे दुहेरी फलन सर्गेई नवाशिन यांनी 1898 साली लिलीच्या कुळातल्या फुलांत दाखवलं. माणसात 23 आणि 23 असा हिशेब. पण तिथे शुक्राणू स्वतः पोहत जातो आणि फलन एकदाच होतं. आंब्याच्या परागाला मात्र वाहून नेणारं कुणी लागतं, मुख्यतः माश्या आणि मधमाश्या.

त्यात दशहरीला स्वतःचा पराग मानवत नाही. कलमी बागेतली सगळी दशहरी म्हणजे मुळात एकच झाड, त्यामुळे शेजारच्या झाडाचा परागही घरचाच! परका पराग मिळाला तर हीच दशहरी काय देते, ते दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने दाखवलं : आई दशहरी, बाप नीलम, आणि झाली आम्रपाली. वेंगुर्ल्याची ‘रत्ना’ही अशीच, नीलम आणि हापूसची, 1981 सालची. मलिहाबादेतच हाजी कलीमुल्ला खान यांनी एका झाडावर सुमारे तीनशे जाती कलमांनी बांधल्या. 2008 साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्या झाडाला परक्या परागाची ददात नाही.

झुमक्याला मोहोरातली थंडीही कारण असते. पण ती आपल्या हातात नाही, फवारणी आहे. भर मोहोरात कीटकनाशक मारलं की तुडतुड्यांबरोबर माश्याही मरतात, आणि पराग पुंकेसरातच राहतो. हे पाहून माझा जीव तुटतो. बागायतदारांनो, फुलं उमललेली असताना पंप उचलू नका. मधमाश्यांच्या पेट्या ठेवा, आणि दशहरीच्या शंभर झाडांमागे पाच-सहा तरी दुसऱ्या जातीची लावा.