आशाताईंच्या सहा फेऱ्यांमागचा सरकारी पैसा

आरोग्याच्या संशोधनात दोन वेगवेगळी कामे येतात. नवी लस, नवे औषध किंवा नवी तपासणी शोधणे हे एक. ते औषध गरजू माणसापर्यंत वेळेवर आणि परवडेल अशा रीतीने पोहोचते का, नसेल तर नेमके कुठे अडते, हे तपासणे दुसरे. या दुसऱ्या कामाला आरोग्यसेवा संशोधन म्हणतात. त्याला प्रयोगशाळा लागतेच असे नाही. दारोदार फिरणारी माणसे, नोंदवह्या, वजनकाटे आणि तीन-चार वर्षांचा धीर एवढ्यावर ते चालते. त्यातून बाजारात विकता येईल असे काही निघत नाही, त्यामुळे औषध कंपन्या तिकडे फारशा फिरकत नाहीत. पैसा येतो तो देणग्यांमधून, नाहीतर सरकारी तिजोरीतून.

भारतात ही तिजोरी जुनी आहे. 1911 मध्ये इंडियन रिसर्च फंड असोसिएशन स्थापन झाली आणि 1949 मध्ये तिचे नाव बदलून भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, म्हणजे आयसीएमआर, असे झाले. 2007 मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयात आरोग्य संशोधन हा स्वतंत्र विभाग निघाला आणि परिषद त्याच्या अखत्यारीत गेली. 2025-26 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात या मंत्रालयाला सुमारे 99,859 कोटी रुपये मिळाले. त्यातले संशोधन विभागाचे सुमारे 3,900 कोटी, म्हणजे शंभरातले चार रुपये. पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था आणि देशभरातल्या परिषदेच्या इतर संस्था चालतात त्या याच चार रुपयांतून. सेवा सुधारण्याच्या अभ्यासांच्या वाट्याला त्यातलाही एक तुकडाच येतो.

शिवाय आरोग्य एका खात्यात आणि सामाजिक आधार दुसऱ्या खात्यात अशी वाटणी आहे. अंगणवाडी महिला व बालविकास विभागाची, वृद्ध सामाजिक न्याय विभागाचे, समाजशास्त्रीय संशोधनाची परिषद (स्थापना 1969) शिक्षण मंत्रालयाची. एकाच घरातली बाळंतीण, कुपोषित मूल आणि अंथरुणाला खिळलेली आजी अशा तीन फायलींत विभागली जातात. ब्रिटनमध्ये 2006 पासून राष्ट्रीय आरोग्य संशोधन संस्था अशा संशोधनाला पैसा पुरवते आणि रुग्णालयातले उपचार व घरी लागणारी देखभाल या दोन्हींवरच्या अभ्यासांना तिथे एकाच ठिकाणाहून पैसा मिळू शकतो. इकडे तशी सोय नाही, आणि ही उणीव पैशाच्या तुटवड्याइतकीच नडते.

महाराष्ट्रात अशा संशोधनाचे सर्वांत ठळक उदाहरण गडचिरोलीचे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 1990 च्या दशकात 39 गावांत घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याचा प्रयोग केला आणि तुलनेसाठी 47 गावे घेतली. गावातल्याच बायकांना शिकवून ‘आरोग्यदूत’ केले. बाळाचे वजन करायचे, अंगाचा ताप आणि गारठा पाहायचा, मिनिटाला श्वास किती ते मोजायचे. श्वास साठ किंवा त्याहून जास्त असतील तर धोका समजायचा. जंतुसंसर्गाची लक्षणे दिसली तर तोंडाने औषध आणि जेंटामायसिनचे इंजेक्शन द्यायचे. प्रयोगाच्या गावांत सुरुवातीला हजार जन्मांमागे 62 बाळे पहिल्या महिन्यात दगावत होती. 1997-98 मध्ये हा आकडा 25.5 वर आला. तुलनेच्या गावांच्या मानाने ही घट 62 टक्के होती. 1999 मध्ये हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले.

या पहिल्या टप्प्याचा पैसा मुख्यतः फोर्ड आणि मॅकआर्थर या परदेशी प्रतिष्ठानांचा होता. सरकारी पैसा नंतर आला आणि त्याचे काम वेगळे होते. गडचिरोलीत जमले ते तिथल्या जिद्दी डॉक्टर जोडप्यामुळे, की ही पद्धतच चांगली आहे, हा प्रश्न उरला होता. आयसीएमआरने तो पाच राज्यांतल्या एकेका जिल्ह्यात तपासायला घेतला: बिहारमध्ये पाटणा, ओडिशात कटक, राजस्थानात राजसमंद, उत्तर प्रदेशात बाराबंकी आणि महाराष्ट्रात यवतमाळ. या अभ्यासातून 2008 मध्ये एक महत्त्वाची गोष्ट प्रसिद्ध झाली. पहिल्या महिन्यात दगावणाऱ्या बाळांपैकी चाळीसेक टक्के पहिल्याच दिवशी जातात आणि निम्म्याहून जास्त पहिल्या तीन दिवसांत. आठवड्याने घरी जाऊन उपयोग नाही, हे यातून आकड्यांनिशी पुढे आले.

2011 मध्ये केंद्राने ही घरभेटींची पद्धत देशभर गावोगावच्या ‘आशा’ या आरोग्य कार्यकर्त्यांकडे सोपवली. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी, अशा सहा फेऱ्या. घरी झाले असेल तर पहिल्या दिवसाची आणखी एक. सगळ्या फेऱ्या पूर्ण झाल्या की आशाताईंना 250 रुपये मिळू लागले. यात एक मोठा फरक पडला: गडचिरोलीचे आरोग्यदूत देत असलेले इंजेक्शन आशाताईंच्या कामातून वगळले गेले. प्रयोगात जे सिद्ध झाले ते जसेच्या तसे योजनेत येत नाही, आणि मग ती योजनाही मुळातल्या प्रयोगाइतकीच फळते असे गृहीत धरणे चुकीचे ठरते. तेही पुन्हा मोजायला हवे.

औषधाशी थेट संबंध नसलेल्या मदतीवरही सरकारी पैशाने चांगले काम झाले आहे. क्षयरोगावरचा ‘रेशन्स’ हा अभ्यास झारखंडच्या चार जिल्ह्यांत आयसीएमआरच्या पाठबळावर झाला. एका गटातल्या रुग्णांच्या घरातल्या मोठ्या माणसांना प्रत्येकी महिन्याला पाच किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. दहा हजारांवर नातेवाइकांचा पाठपुरावा केल्यावर दिसले, की ज्यांना हा शिधा मिळाला त्यांच्यात नव्याने क्षय होण्याचे प्रमाण 39 टक्क्यांनी कमी होते. हे निष्कर्ष 2023 मध्ये आले. नोव्हेंबर 2024 पासून क्षयरुग्णांना पोषणासाठी मिळणारी महिन्याची रक्कम 500 वरून 1,000 रुपये झाली. डाळ-तांदळाने क्षय अडतो, हे म्हातारी माणसे पूर्वीपासून सांगत असतील. पण अर्थखात्याला आकडा लागतो.

मराठवाड्यात अशी सरकारी पाहणी बीडमध्ये झाली. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांची ‘पिशवी काढण्याचे’ प्रमाण फार आहे, अशी ओरड झाल्यावर 2019 मध्ये राज्याने समिती नेमली. सुमारे 82 हजार ऊसतोड महिलांना विचारणा झाली, तेव्हा तेरा हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. त्यानंतर खासगी रुग्णालयांना या शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याची अट आली. घरोघर जाऊन साधा प्रश्न विचारण्याने एवढे घडू शकते.

नांदेड जिल्ह्यात अशा अभ्यासाला विषयांची वाण नाही. सप्टेंबर 2023 च्या शेवटी नांदेडच्या विष्णुपुरीतल्या शासकीय रुग्णालयात 24 तासांत 24 रुग्ण दगावले, त्यांतली 12 नवजात बाळे होती. उच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली. औषधे आणि मनुष्यबळ कमी पडले असे एक बाजू म्हणाली. रुग्ण लांबून, शेवटच्या घटकेला आले असे दुसरी. दोन्ही खरे असू शकते. त्यातले किती कशामुळे, हे चर्चेने कळत नाही.

उदाहरणार्थ हिमायतनगर घ्या: हा तालुका नांदेड जिल्ह्याच्या उत्तरेला आहे, पैनगंगा ओलांडली की यवतमाळ जिल्हा लागतो. आयसीएमआरने अभ्यासासाठी निवडलेला जिल्हा तोच, नदीच्या पलीकडचा. अलीकडच्या एखाद्या वाडीवरचे कमी वजनाचे बाळ तिसऱ्या दिवशी दूध ओढत नाही असे आशाताईंच्या लक्षात आले, तर पुढे बरेच टप्पे असतात: घरच्यांनी तयार होणे, 108 ला फोन, ग्रामीण रुग्णालय, तिथून चिठ्ठी, भोकरमार्गे नांदेड. कुठल्या टप्प्यावर किती तास गेले याची नोंद एका ठिकाणी नसते. आशाताईंच्या वहीत एक तुकडा, रुग्णवाहिकेच्या नोंदीत दुसरा, नवजात कक्षाच्या रजिस्टरात तिसरा. हे तुकडे जोडणे हाच अभ्यास. पाचशे बाळांच्या वेळा जुळवल्या, तर पैसा गाडीवर घालावा, ग्रामीण रुग्णालयातल्या बालरोगतज्ज्ञावर की नांदेडच्या खाटांवर, याला आधार मिळेल.

अशा अभ्यासाला सरकारी अनुदान मिळवायचे तर प्रस्ताव, नैतिकता समितीची मंजुरी, जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांची परवानगी आणि खर्चाची बाबनिहाय फोड हे सगळे लागते. हप्ता मिळाल्यावर उपयोगिता प्रमाणपत्र द्यावे लागते, तेव्हा पुढचा हप्ता सुटतो. तो लांबला की नेमलेले क्षेत्र-कर्मचारी सोडून जातात आणि बाळांचा पाठपुरावा मध्येच तुटतो. अशा अभ्यासाचे सर्वांत मोठे नुकसान इथेच होते. लहान कामांसाठी वाट थोडी सोपी आहे. एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना दोन महिन्यांच्या संशोधनासाठी आयसीएमआर 1979 पासून विद्यावेतन देते, पदव्युत्तर प्रबंधांनाही मदत करते. पण हे प्रबंध बहुधा रुग्णालयात आलेल्या रुग्णांवर होतात, कारण ते हाताशी असतात. वाडीवरून निघालेच नाही असे बाळ त्यात सापडत नाही. ते मोजायचे तर प्रवासभत्ता आणि गावात फिरणाऱ्या माणसाचा पगार प्रस्तावात पहिल्यापासून धरावा लागतो, आणि मंजुरी देणाऱ्यांनी ती बाब छाटता कामा नये.