जुना व्हिडिओ गेम : सुटा भाग बदलण्याआधी सफाई

निन्टेन्डो कंपनीचा ‘एनईएस’ हा व्हिडिओ गेम अमेरिकेत १९८५ साली बाजारात आला. शौकीन मंडळी तो आजही जपतात आणि बिघडला की दुरुस्त करून मागतात. रेडिओ-टी.व्ही.चे काम करणाऱ्या कारागीर बांधवांना हे जड नाही. पण याची खोड ठाऊक हवी.

नेहमीची तक्रार एकच. कॅसेट घालून बटण दाबले की लाल दिवा लुकलुकतो, चित्र येत नाही. गिऱ्हाईक म्हणते, मशीन मेले. बहुधा ते मेलेले नसते. नकली कॅसेट चालू नये म्हणून कंपनीने मशीनमध्ये एक पहारेकरी चिप बसवली आहे आणि तिची जोडीदार कॅसेटमध्ये. दोघींची ओळख पटली नाही, तर पहारेकरी चिप साधारण दर सेकंदाला मशीन पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. कॅसेट आणि ७२ पिनांचे सॉकेट यांच्यात मळ साचला किंवा पिना सैल झाल्या, तरी तेच होते. लोक कॅसेटमध्ये फुंकर मारतात, ती वाईट; तोंडातल्या ओलाव्याने पट्ट्या काळ्या पडतात.

काडीला कापूस गुंडाळून, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून पट्ट्या पुसाव्यात. कापूस पांढरा निघेपर्यंत पुसाव्यात. मग मशीन उघडावे. सॉकेट बोर्डाला डाखलेले नसते, हलक्या हाताने ओढले की निघते. तेही साफ करून बसवावे. एवढ्याने काम झाले तर मजुरी सफाईचीच घ्यावी, सॉकेटची किंमत लावू नये. नवी स्वस्त सॉकेटे मिळतात, पण त्यांतली पुष्कळशी कॅसेट इतकी आवळतात की ती ओढून काढावी लागते. आमच्या मते साफ केलेले जुनेच बरे. काही जण चिपचा चौथा पाय तोडतात. दिवा लुकलुकायचा थांबतो, मळ मात्र राहतोच.

आपल्याकडे नव्वदच्या दशकात खपलेले स्वस्त टी.व्ही. गेम जपानच्या १९८३ च्या ‘फॅमिकॉम’च्या धर्तीचे, ६० पिनांच्या कॅसेटचे. त्यांत पहारेकरी चिप नाही, म्हणून दिवा लुकलुकत नाही. पट्ट्यांची सफाई तशीच.

अडॅप्टर मात्र तपासूनच लावावा. अमेरिकेतला अडॅप्टर १२० व्होल्टचा, आपल्या २३० व्होल्टवर जळतो. तो एनईएसला ९ व्होल्ट ए.सी. देतो. जपानी फॅमिकॉमला १० व्होल्ट डी.सी. लागते, मधले टोक ऋण. त्याला ए.सी. दिली तर आतला रेग्युलेटर जाऊ शकतो, आणि मग सफाईने भागत नाही.