सबुरीचा नेम

रोजा सब्र शिकवतो. शिर्डीच्या ‘श्रद्धा-सबुरी’तली सबुरी ती हीच. पण सबुरी म्हणजे निमूट सोसणे, असे अनेकांना वाटते. त्यांनी अब्दुल हमीद यांची गोष्ट ऐकावी.

उत्तर प्रदेशातील गाझीपूर जिल्ह्यातले धामूपूर हे त्यांचे गाव. वडील शिंपी, मुलाचा जीव मात्र कुस्तीत आणि पोहण्यात रमलेला. १९५४ मध्ये ते ग्रेनेडियर्स रेजिमेंटमध्ये भरती झाले. घरी पत्नी रसूलन बीबी आणि पाच मुले.

सप्टेंबर १९६५. पंजाबात खेमकरणजवळच्या असल उत्तर परिसरात पाकिस्तानचे पॅटन रणगाडे चालून आले. हमीद यांच्याकडे उघड्या जीपवरची रणगाडाविरोधी तोफ होती. तिचा बार काढला, की मागे उठणाऱ्या जाळ-धुरळ्याने जागा उघडी पडते. म्हणून उभ्या पिकात दबा धरायचा, रणगाडा टप्प्यात येऊ द्यायचा, बार काढायचा आणि लगेच जीप हलवायची. असे अनेक रणगाडे त्यांनी उडवले. १० सप्टेंबरला ते शहीद झाले, वय ३२. त्यांचे परमवीरचक्र रसूलन बीबींनी स्वीकारले.

आज आम्हाला हे नाव कधी कधी निष्ठेचा पुरावा म्हणून सांगावे लागते, याचे वाईट वाटते. हमीद काही सिद्ध करायला गेले नव्हते. आपली जागा राखायला उभे होते.

अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात पॅटन पाहायला मिळतो. ईदच्या सुटीत मुलांना तिथे न्या. शेजाऱ्यांच्या मुलांनाही सोबत घ्या.