थांबलेला छर्रा

जुन्या शेवरले पेट्रोल ट्रकच्या सहा सिलिंडरच्या इंजिनाला स्टार्टरजवळ एक छोटी खिडकी असते. इंजिन चालू असताना तिच्यातून डोकावलं, तर गरगरणाऱ्या फ्लायव्हीलचा नुसता करडा पट्टा दिसतो. त्या फ्लायव्हीलमध्ये पोलादाचा एक छर्रा ठोकून बसवलेला आहे, पण डोळ्याला काही तो सापडत नाही. मग मेकॅनिक टायमिंग लाइटची तार पहिल्या सिलिंडरच्या प्लगला लावतो, दिवा खिडकीशी धरतो आणि छर्रा जागच्या जागी उभा! इंजिन धडधडतंय, पंखा फिरतोय, हा पठ्ठ्या मात्र हलायला तयार नाही.

दिवा ठिणगीबरोबर लागतो आणि लगेच विझतो. 500 आरपीएमला पहिल्या सिलिंडरमध्ये सेकंदाला साधारण चार ठिणग्या पडतात. दोन ठिणग्यांच्या मध्ये फ्लायव्हील पुऱ्या दोन फेऱ्या मारून येतं, पण त्या अंधारात होऊन जातात. उजेड पडतो तेव्हा छर्रा पुन्हा तिथेच. त्याची ही जागा म्हणजेच ठिणगीची वेळ.

आणि ती वेळ मोठी चमत्कारिक आहे. पिस्टन टॉपला पोचायला क्रँकचे पाच अंश बाकी असताना छर्रा खिडकीतल्या काट्यासमोर येतो. म्हणजे पिस्टन अजून वर चढतोय आणि आपण आग लावून मोकळे! पण पेट्रोल आणि हवेचं मिश्रण एकदम भडकत नाही. ज्योत प्लगपासून पसरत जाते आणि त्यात काही मिलिसेकंद जातात. सायकलचं पॅडल अगदी माथ्यावर असताना त्यावर कितीही भार द्या, सायकल हलत नाही. जोर कामी येतो तो पॅडल माथा ओलांडून जरा पुढे गेल्यावर. पिस्टनलाही दणका तिथेच हवा, म्हणून काडी आधी ओढायची.

किती आधी, ते वेगावर. 500 आरपीएमला एका मिलिसेकंदात क्रँक 3 अंश फिरतो, 3000 ला 18. म्हणून प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या पोटात स्प्रिंगने धरलेली दोन छोटी वजनं असतात. वेग वाढला की ती फाकतात आणि ठिणगी आपोआप लवकर पडते. दोन वजनं, दोन स्प्रिंगा, बस्स. ठिणगी फारच लवकर पडली तर चढावर इंजिन खडखडतं. उशीर झाला तर ओढ जाते आणि इंजिन तापतं.

छर्रा काट्याच्या मागेपुढे दिसला, तर क्लॅम्प सैल करून डिस्ट्रिब्युटर किंचित फिरवायचा. किंचितच, कारण त्याचा दांडा क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. इथला एक अंश तिथे दोन होतो. मात्र त्याआधी डिस्ट्रिब्युटरमधल्या, उघडताना ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटचं अंतर फिलर गेजने बघायचं, साधारण 0.45 मिलिमीटर. पॉइंटची टाच कॅमवर घासून झिजते, अंतर घटतं, पॉइंट उशिरा उघडतात आणि ठिणगी मागे पडते. कुणी हातही न लावता टायमिंग हललेलं असतं! आधी टायमिंग आणि मग पॉइंट, असं केलं तर सगळी मेहनत पुन्हा.

  

हे ट्रक आपल्याला परके नव्हते. 1928 पासून जनरल मोटर्स मुंबईत शिवडीला शेवरले गाड्या जोडत होती. 1954 मध्ये ते थांबलं आणि त्याच वर्षी जमशेदपूरहून टाटा-मर्सिडीजचे डिझेल ट्रक निघू लागले. डिझेलला प्लग नाही, ठिणगी नाही. दाबून तापलेल्या हवेतच इंधन पेटतं. टायमिंग लाइटची तार लावायची कुठे? पण वेळ तर साधायचीच. मग इंधन पंपाच्या पहिल्या तोंडाचा व्हॉल्व्ह काढून तिथे वाकडी नळी बसवायची, डिझेल ठिबकू द्यायचं आणि क्रँक हाताने हळूहळू फिरवायचा. थेंब लांबत जातात, एक जरा अडखळतो आणि नळीच्या टोकाशी लटकून राहतो. तिथे हात थांबवायचा आणि फ्लायव्हीलवरची खूण बघायची.